टीव्हीला हात कोण लावणार?

(कळंब तालुक्यातल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माझ्या आधीच्या ताई रेशनवर बोलल्या. त्याआधी गावातल्या दारूच्या दुकानावर चर्चा झाली. आणि आता मी उभी राहून म्हणते आहे, की आपण टीव्हीच्या दुरुस्तीवर बोलू. मागं बसलेल्या काहीजणी हसल्या, ते मला इथून दिसलं. हसायला हरकत नाही. विषय छोटाच आहे. पण गेली काही वर्षं गावोगाव बैठका घेताना मला दिसत गेलं आहे, की मोठ्या प्रश्नांवर बाई सभेत बोलायला शिकते, मोर्च्यातही येते, आणि घरी गेल्यावर भिंतीवरच्या टीव्हीची सुटलेली पिन खोचायला सातवीतल्या पोराची वाट बघत बसते. हे असं का होतं, यावर आज बोलायचं आहे.

दुरुस्ती कशाला म्हणायचं?

येरमाळ्याकडच्या एका गावात आम्ही गटाच्या बैठकीत एक खेळ घेतला. भिंतीवर मोठा कागद लावला. मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहायचं, घरातली कुठली दुरुस्ती बाई करते. दुसऱ्या बाजूला, कुठली पुरुष करतात. बायका म्हणाल्या, "ताई, आमची बाजू कोरीच ऱ्हाणार. दुरुस्ती म्हंजी गड्याची कामं."

मी म्हटलं, बरं, दुरुस्ती हा शब्द सोडून देऊ. काल सकाळपासून तुमच्या हातून काय काय नीट झालं, ते सांगा. मग सुरू झालं. गॅसच्या शेगडीची भोकं सुईनं मोकळी केली. कुकरची शिट्टी धुऊन बसवली. गोधडीला ठिगळ लावलं. शिलाई मशीनचा सुटलेला पट्टा चढवला. नळाची गळती चिंधी बांधून थांबवली. भिंतीची भेग लिंपली. बादलीची कडी वाकवून बसवली. सुपाची उसवलेली कड शिवली. बैलाची फाटलेली झूल शिवली. कागदाची डावी बाजू भरली, मग आम्ही भिंतीवरच लिहायला लागलो.

या कामांना कुणी दुरुस्ती म्हणत नव्हतं. बाईनं केलं की ते घरकाम, आणि पुरुषानं केलं की ती दुरुस्ती. शिलाई मशीन हेही यंत्रच आहे. त्यात चाक आहे, पट्टा आहे, दोऱ्याचा ताण जमवावा लागतो, तेल घालावं लागतं. टीव्हीची सैल वायर घट्ट करण्यापेक्षा ते नक्कीच अवघड आहे. तरी शिलाई मशीन 'बाईचं', आणि टीव्ही 'गड्याचा'.

मग मी विचारलं, "टीव्ही बंद पडला तर?"

"पोरगं बघतंय की."

"पोरगं केवढं आहे?"

"सातवीला हाय."

"आणि तुम्ही?"

"आमी काय बया, आडाणी मान्सं."

हे म्हणणारी बाई गटाची खजिनदार आहे. कुणी किती कर्ज घेतलं, किती हप्ते फेडले, व्याज किती झालं, हे वही न उघडता सांगते. बँकेतल्या साहेबाची बेरीज तिनं एकदा दुरुस्त करून दिली होती. तीच स्वतःला आडाणी म्हणाली, तेव्हा बाकीच्यांपैकी कुणी तिला अडवलं नाही.

सातवीतलं पोरगं काही शिकून आलेलं नसतं. ते वायर ओढतं, काढतं, उलटी घालतं. बटणं दाबतं. कधी सगळे चॅनल गायब करून ठेवतं. घरातले म्हणतात, "डोकं चालतंय पोराचं." त्याची बहीण त्याच वयाची, त्याच शाळेतली. तिनं हेच केलं तर ऐकावं लागतं, "कशाला हात लावलास? मोडला म्हंजी?" मुलगा चुकत चुकत शिकतो. मुलीला चुकूच देत नाहीत. दहा वर्षांनी आपण म्हणतो, मुलांना यंत्रातलं उपजतच कळतं.

गच्चीवरचा आणि घरातला

आपल्याकडे टीव्ही कसा आला ते आठवा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आपल्या मराठवाड्यातल्या गावांत संच यायला ऐंशीचं दशक उजाडलं. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, तेव्हा रंगीत टीव्ही आला. मग जागोजाग छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. १९८७ मध्ये 'रामायण' लागलं, तेव्हा गल्लीत ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी गल्ली.

त्या वेळी वाऱ्यानं अँटेना फिरली की चित्रावर मुंग्या यायच्या. मग एक जण माळवदावर चढायचा आणि तिथून ओरडायचा, "आलं का?" खाली टीव्हीसमोर बसलेली बाई ओरडायची, "आलं, आलं... गेलं! जरा मागं घे!" तुमच्यापैकी वयानं मोठ्या आहेत त्यांना हे चांगलंच आठवत असेल. आता विचार करा, ही दुरुस्ती कुणी केली? वर चढलेल्याला चित्र दिसतच नव्हतं. ते खालच्या बाईला दिसत होतं. किती फिरवायचं, कुठं थांबायचं, हे ती सांगत होती. दोघांनी मिळून केलेलं काम होतं. पण सांगताना सगळे म्हणायचे, "पोरानं अँटेना नीट केली."

आज ती अँटेना गेली. छत्री आली, सेट टॉप बॉक्स आला, डब्याचा टीव्ही जाऊन पातळ टीव्ही भिंतीवर चढला. आता किरकोळ बिघाडासाठी माळवदावरसुद्धा चढावं लागत नाही. बहुतेक वेळा हात पुरेल एवढ्यावरच काम असतं. पण कुणी हात लावायचा, ते मात्र अँटेनाच्या काळात ठरलं तेच चालू आहे.

टीव्ही कुणाचा?

बायका सांगतात, "मालकाला आवडत नाही." म्हणून आपण विचारू, टीव्ही कुणाचा?

आपल्या गटांतल्या बऱ्याच घरी टीव्ही गटाच्या कर्जातून आला आहे. कर्ज बाईच्या नावावर. हप्ता तिच्या शिलाईतून, शेळीतून, रोजगारातून. अनेक घरी तो लग्नात आला. मुलीच्या बापानं कर्ज काढून पलंग, कपाट आणि टीव्ही दिला. हुंडा घेणं आणि देणं हा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ते वेगळं. पण मुलीला म्हणून माहेरून जे मिळतं, ते स्त्रीधन आणि ते तिचंच राहतं, सासरच्यांनी ते नुसतं सांभाळायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे टीव्ही तिच्या कर्जातला किंवा तिच्या माहेरचा. त्यावरची धूळ तीच पुसते, त्याला भरतकामाचं झाकण तीच करते. पण वायर खोचायची वेळ आली की ती परकी.

यात भीतीही आहे. बायका म्हणतात करंटची भीती वाटते. करंटची भीती रास्त आहे, त्याबद्दल पुढं बोलते. पण नीट विचारलं की दुसरी भीती बाहेर येते. "माझ्या हातनं बिघडला तर काय म्हणतील?" काही घरांत हे फक्त 'म्हणण्या'वर थांबत नाही. एका बैठकीत एक बाई म्हणाली, "ताई, टीव्ही चालू होईना तर मला काई फरक पडत नाही. पर मी हात लावला आन् मग चालू झाला नाही, तर मार हाय." ती विजेला घाबरत नव्हती. रोज सकाळी पाण्याची मोटार तीच चालू करते, आणि ती मोटार टीव्हीपेक्षा कितीतरी धोक्याची आहे. पण मोटार चालू करणं हे तिचं काम ठरलं आहे, म्हणून तिथं कुणी अडवत नाही.

वस्तू मोडली म्हणून मारणं, शिव्या देणं, "तुझ्या बापानं आणला होता का" म्हणून अपमान करणं ही हिंसा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक मारहाणीबरोबर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही येतो. घरात ज्या वस्तू आणि सोयी वापरायचा बाईला हक्क आहे, त्या वापरू न देणं हा आर्थिक छळात मोडतो. टीव्हीच्या एका वायरीसाठी कुणी कोर्टात जावं असं मी म्हणत नाही. पण गटात एखादी म्हणाली की "मला हात लावायची परवानगी नाही", तर तो विनोद समजू नका. तिला आणखी कशाकशाची परवानगी नाही, ते विचारा. मोबाइल कुणाच्या हातात असतो? बँकेचं पासबुक कुठं असतं? टीव्हीपासून सुरू झालेलं बोलणं फार पुढं जातं, हा माझा अनुभव आहे.

एकटीच्या घरी

ज्यांच्या घरी 'पोरगं बघतंय' असं म्हणायलाच कुणी नाही, त्यांचं काय? आपल्या भागात विधवा आहेत, नवऱ्यानं टाकलेल्या आहेत. शेतकरी आत्महत्यांनंतर मागं राहिलेल्या आहेत. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेल्यावर चार-सहा महिने नातवंडं घेऊन राहणाऱ्या म्हाताऱ्या आहेत.

एका टाकलेल्या बाईची गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही. तिच्या टीव्हीवर फक्त आवाज यायचा, चित्र नाही. तिनं तालुक्याहून मेकॅनिक बोलावला. तो आला, वीस मिनिटं बसला, चहा घेतला, पैसे घेतले, गेला. दुसऱ्या दिवशी गल्लीत चर्चा, हिच्या घरी कोण आलं होतं? पुढच्या वेळी टीव्ही बंद पडला, तेव्हा तिनं तो बंदच राहू दिला. सात महिने. तिची मुलगी शेजारी टीव्ही बघायला जायची, तिथं तिला बोलणी बसायची. शेवटी गटातल्या एका मुलीनं येऊन पाहिलं, तर सेट टॉप बॉक्समधून टीव्हीला जाणारी वायर मागून सैल झालेली. झाडताना खुंट्याला अडकून ओढली गेली असणार. ती काढून परत बसवली, चित्र आलं. खर्च काही नाही.

म्हणून या कामाला मी छंद म्हणत नाही. एकट्या बाईला किरकोळ दुरुस्ती येत असली, तर तिचे पैसे वाचतात, तिचं दार कुणासाठी उघडायचं ते तिच्या हातात राहतं, आणि मेकॅनिक आलाच तरी तो काय सांगतो ते खरं की खोटं, तिला कळतं. 'पॅनल गेलं, पाच हजार लागतील' असं कुणीही सांगावं आणि तिनं मान डोलवावी, असं होत नाही.

कारखान्यात चालतं, घरात चालत नाही

कुणी म्हणेल, बाईच्या हाताला हे काम जमत नाही. मुंबईत अंधेरीला सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात विभाग आहे, लोक त्याला सीप्झ म्हणतात. १९७३ साली तो सुरू झाला. तिथल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांत सुटे भाग जोडायला मोठ्या संख्येनं तरुण मुली ठेवल्या. जगभर हेच झालं, मलेशियात, तैवानात, मेक्सिकोत. मालक सांगत, बायकांची बोटं नाजूक आणि चपळ असतात, त्यांना बारीक काम छान जमतं. डायन एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोन अभ्यासक बायांनी १९८१ साली यावर लेख लिहिला आणि दाखवून दिलं, की ही बोटं उपजत चपळ नसतात. लहानपणापासून घरात शिवण-टिपण करून ती तयार झालेली असतात. आणि हे कौशल्य 'उपजत' म्हटलं, की त्याचा पगार द्यावा लागत नाही.

म्हणजे पगार कमी द्यायचा असेल तेव्हा बाईचा हात यंत्रासाठीच बनलेला असतो. त्याच यंत्राची पिन घरात सुटली, की तोच हात अनाडी ठरतो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

लांब कशाला जायचं? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या मोठ्या बायांना विसरता येणार नाही. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर पडून गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली, आणि शेकडो गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. सरकारनं पैसे दिले, पण कामावर नजर कुणी ठेवायची? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या महिला मंडळांना यात उतरवलं. गावोगाव बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीला आडवा पट्टा का हवा, कोपरे कसे बांधायचे, सिमेंटवर पाणी किती दिवस मारायचं, हे त्या शिकल्या, इतर बायांना शिकवू लागल्या. काही गवंडीकामही शिकल्या.

तेव्हाही लोक म्हणाले, बाईला घर बांधण्यातलं काय कळतं? वास्तविक भिंत लिंपणं, सारवणं, पोतेरा देणं हे शेकडो वर्षं बाईच करत आली होती. भिंतीला ओल कुठं येते, भेग कुठून सुरू होते, ते तिला आधी दिसायचं. तिला माहीत नव्हता तो सिमेंटचा हिशेब, आणि तो कुणी शिकवला नव्हता म्हणून माहीत नव्हता.

उत्तर प्रदेशात बांदा भागात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या या कार्यक्रमातून बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. बऱ्याचजणी दलित आणि आदिवासी, अनेकींना अक्षरओळख नव्हती. पंप बंद पडला की लांबून पाणी आणायचं बाईनं, आणि दुरुस्तीसाठी वाट बघायची सरकारी मेकॅनिकची. आठवडेच्या आठवडे. जड पाइप बायकांना उचलणार नाहीत, असं लोक म्हणत होते. त्यांनी मिळून उचलले. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेत कमी शिकलेल्या, अगदी आज्या झालेल्या बायका सौर दिव्यांची यंत्रणा जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. बिघाडाचा त्रास ज्यांना रोज होतो, त्यांच्याच हातात दुरुस्ती आली. टीव्हीलाही हाच नियम लावून पाहा.

मग अजून एक काम बाईच्याच गळ्यात?

हा प्रश्न बैठकीत एका मुलीनं विचारला आणि तो बरोबर आहे. ती म्हणाली, "ताई, आधीच स्वयंपाक आमचा, धुणं आमचं, आजारपण आमचं. आता टीव्हीपण आमीच बघायचा? मग ते काय करणार?"

सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. बाईचे जवळजवळ पाच तास. शिवाय घरकामाला अजिबात हात न लावणारे पुरुष या ९७ मिनिटांच्या सरासरीत धरलेलेच नाहीत.

तेव्हा 'टीव्ही बाईनंच दुरुस्त करावा' असं मी म्हणत नाही. 'येत असणं' आणि 'करावं लागणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येत सगळ्यांना असलं पाहिजे, मुलीला, मुलाला, सासूला, नवऱ्याला. करायचं कुणी, ते त्या दिवशी कुणाला वेळ आहे त्यावर ठरावं. पुरुष टीव्हीसमोर बसला आहे आणि बाई चुलीपुढं, तर पिन त्यानंच खोचावी. तो घरी नाही, तर तिनं त्याची वाट बघत बसू नये. आणि ती वायर नीट करत असेल, तेव्हा भाकरी त्यानं किंवा पोरानं उलटावी. काम वाटून घ्यायचं असेल, तर दोन्हीकडून वाटून घ्यावं लागतं.

किरकोळ काय आणि धोक्याचं काय

आता कामाचं बोलू. ज्यांना लिहून घ्यायचं आहे त्यांनी लिहून घ्या.

एक. टीव्ही अजिबात चालू होत नाही. आधी लाइट आहे का पाहा. मग त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून पाहा. तो चालला नाही तर दोष बोर्डाचा आहे, टीव्हीचा नाही. चालला, तर टीव्हीची पिन काढून घट्ट बसवा. स्टॅबिलायझर असेल तर त्याचं बटण पाहा.

दोन. रिमोट चालत नाही. सेल बदला. सेल उलटे बसलेत का पाहा. आतल्या पत्र्याला गंज असेल तर पेन्सिलीच्या खोडरबरानं पुसा. रिमोट मेला की टीव्ही, हे ओळखायचं असेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. बहुतेक मोबाइलवर तिथं जांभळट ठिणगी चमकताना दिसते. दिसली तर रिमोट जिवंत आहे.

तीन. टीव्ही चालू आहे, पण 'सिग्नल नाही' असं येतं. सेट टॉप बॉक्सचा दिवा लागलाय का पाहा. बॉक्स बंद करून, पाच मिनिटं थांबून परत चालू करा. बॉक्समधून टीव्हीला जाणारी वायर आणि छत्रीकडून येणारी वायर काढून परत बसवा. छत्रीच्या वायरीचं टोक पेचाचं असतं, ते बोटानं फिरवून घट्ट होतं. हे करताना टीव्ही आणि बॉक्स दोन्हींच्या पिना काढलेल्या असाव्यात. तरी आलं नाही तर पैसे भरलेत का ते विचारा. मोठा पाऊस चालू असेल तर थोडं थांबा, पावसानंही सिग्नल जातो.

चार. पडदा पुसायचा तर टीव्ही बंद करून, मऊ कोरड्या फडक्यानं. पाणी शिंपडू नका. मागच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशनं झाडा. जाळीवर कापडाचं झाकण घालू नका, आतली उष्णता बाहेर जावी लागते.

पाच. वीज कडकडू लागण्याआधीच पिन काढून ठेवा, छत्रीची वायरही काढा. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज पडून किती नुकसान होतं, ते वेगळं सांगायला नको. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका.

आता धोक्याचं. टीव्हीचं मागचं झाकण उघडायचं नाही. बाईनंही नाही आणि पुरुषानंही नाही. जुना डब्याचा टीव्ही असेल तर त्याच्या काचेच्या नळीत वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो बराच वेळ आत राहू शकतो. पातळ टीव्हीच्या आतल्या भागातही वीज साठलेली असते. जळका वास आला, धूर आला, ठिणगी दिसली, बोर्ड काळा पडला, हाताला झिणझिण्या आल्या, तर पिनेलाही हात न लावता घराचा मेन स्विच बंद करायचा आणि माहीतगार माणसाला बोलवायचं. वायर सोललेली दिसली तर चिकटपट्टी लावून चालवू नका, बदलून घ्या. हात ओले असतील तर बोर्डाजवळ जायचं नाही. छत्री हलली असेल आणि पत्र्यावर चढावं लागणार असेल, शेजारून विजेच्या तारा जात असतील, तर चढू नका.

हा धोका बाईला आणि पुरुषाला सारखाच आहे. पण आपल्याकडे धोक्याचं कारण सांगून बाईला साध्या पिनेपासूनही लांब ठेवतात, आणि 'गडी माणूस' म्हणून पोराला उघड्या झाकणात हात घालू देतात. दोन्ही चूक आहे. कुणी करायचं हे बिघाड बघून ठरवा.

मुलींसाठी

या सगळ्याचा पुढचा टप्पा मुलींचा आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा कोर्स असतो. मुलींसाठी जागा राखीव असतात. तरी आपण मुलीला शिवणकाम, ब्युटी पार्लर यापलीकडं पाठवत नाही. ती कामं हलकी आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्या गावात एखादी मुलगी टीव्ही, पंखा, मिक्सर दुरुस्त करू लागेल, त्या गावातल्या एकट्या बाईला परका पुरुष घरी बोलवताना दहा वेळा विचार करावा लागणार नाही. आणि त्या मुलीच्या हातात चार पैसे स्वतःचे येतील. गटानं कर्ज द्यायचंच आहे, तर एखाद्या मुलीच्या हत्यारांच्या पेटीला द्या. टेस्टर, पक्कड, दोन-तीन आकारांचे स्क्रू ड्रायव्हर, चिकटपट्टी, साधा मल्टिमीटर. शेळीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतं.

गटांनी काय करावं

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास यासाठी काढा. तो दोन बाजूंचा कागद भिंतीवर लावा आणि भरा. कुणाच्या घरी काय बंद पडलेलं आहे आणि किती दिवसांपासून, ते विचारा. मग ज्या घरी बैठक आहे तिथल्या टीव्हीची पिन प्रत्येकीनं एकदा स्वतःच्या हातानं काढायची आणि लावायची. बटण बंद करून, कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून. ज्यांना येतं त्यांनी शेजारी उभं राहायचं, पण मधे हात घालायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे. शिकवणाऱ्याचा हात लगेच पुढं येतो.

आणि घरी नवऱ्याशी, पोरांशी एक ठराव करून टाका. किरकोळ बिघाड असेल तर जो समोर असेल त्यानं बघायचं. झाकण कुणीच उघडायचं नाही. आणि शिकताना कुणाच्याही हातून काही बिघडलं, तर त्यावरून बोलायचं नाही. पहिल्या दोन गोष्टींना घरचे लगेच हो म्हणतील. तिसरीवर घासाघीस होईल. ती सोडू नका.

एवढंच सांगायचं होतं. पुढच्या मेळाव्यात मी विचारणार आहे, की किती घरचे टीव्ही किती दिवस बंद होते आणि ते कुणी चालू केले. वहीत लिहून आणा. खजिनदार बाईंनी तोंडी सांगितलं तरी चालेल.